मामांच्या दुकानाचं बिलिंग ॲप: इलेक्ट्रॉन जड पडेल का?

तुम्ही विचारलंय की एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं, मामांच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी बिलिंगचं ॲप करायचंय, दुकानात विंडोज आहे आणि घरी मॅक; तर वेबच्या भाषांत डेस्कटॉप ॲप बनवू देणारं इलेक्ट्रॉन घ्यावं, की ते फार जड पडेल?

घ्या. जड आहे हे खरंच, पण तुमचं घोडं तिथे अडणार नाही.

इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक ॲपच्या पोटात अख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) असतं. गिटहबने 2013 साली ॲटम एडिटरसाठी 'ॲटम शेल' या नावाने हे सुरू केलं, 2015 मध्ये नाव बदललं. ॲटम 2022 च्या डिसेंबरात बंद पडला, इलेक्ट्रॉन मात्र व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड यांच्या पोटात मजेत आहे. नुसती रिकामी खिडकी उघडणारं ॲपसुद्धा बसवल्यावर 200 एमबीच्या पुढे जातं. टाउरी हे याच कामाचं दुसरं साधन हे ओझं टाळतं, कारण ते मशीनवर आधीच असलेलं ब्राउझरचं इंजिन वापरतं: विंडोजवर वेबव्ह्यू 2, मॅकवर सफारीचं वेबकिट. इन्स्टॉलर काही एमबीत आटपतो. पण मग तारीख निवडायचा चौकोन इकडे एक दिसतो, तिकडे दुसरा, आणि प्रत्येक स्क्रीन दोनदा तपासत बसा. शिवाय मागची बाजू रस्ट या वेगळ्याच भाषेत. एका दुकानासाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

खरी अडचण कुठे येते ते सांगतो. माझं पहिलं ॲप एका कृषी सेवा केंद्रासाठी होतं. एसक्यूलाइटची, म्हणजे सगळा डेटा साठवणाऱ्या डेटाबेसची, फाइल मी ॲपच्याच फोल्डरात ठेवली होती. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास. दीड महिन्याने खताच्या दरातली एक चूक दुरुस्त करून नवी आवृत्ती पाठवली, त्यांनी दुपारी बसवली आणि संध्याकाळी फोन: "अहो, उधारीची यादी कुठे गेली?" नव्या आवृत्तीने जुनं फोल्डर पुसून स्वतःचं टाकलं होतं! पाच दिवसांपूर्वीची प्रत माझ्याकडे होती म्हणून वाचलो. मधल्या पावत्या त्यांच्या कार्बनच्या बिलबुकातून रात्री दोनपर्यंत बसून भरल्या. तुम्ही हे करू नका. ही फाइल कुठे ठेवायची ते इलेक्ट्रॉनच्या ॲप गेटपाथ या फंक्शनला 'युजरडेटा' देऊन विचारा. विंडोजवर ती जागा ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये निघते, आणि साधं अपडेट तिला हात लावत नाही.

एसक्यूलाइटचं पॅकेज टाकल्यावर 'नोड मॉड्यूल व्हर्जन' जुळत नाही अशी लाल ओळ आली तर घाबरू नका, इलेक्ट्रॉन रीबिल्ड हे साधन चालवा, ते पॅकेज इलेक्ट्रॉनला जुळेल असं पुन्हा बांधतं.

दुकानासाठी इलेक्ट्रॉनची मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे छपाई. प्रिंट करताना 'सायलेंट' ट्रू ठेवलं आणि प्रिंटरचं नाव दिलं की मधली चौकट न येता थर्मल प्रिंटरमधून थेट पावती. काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी असताना याची किंमत कळते. फक्त कागदाचा आकार मायक्रॉनमध्ये द्यायचा असतो: 80 मिमीचा रोल म्हणजे 80000. मी 80 लिहून अर्धा दिवस घालवलाय.

पावती मराठीत हवी असेल तर फाँट ॲपसोबतच द्या. विंडोज आणि मॅकवरचे देवनागरी फाँट वेगळे, त्यामुळे रुंदी बदलते आणि 'एकूण'ची ओळ खाली घसरते. मुक्त फाँट देवनागरीत भरपूर आहेत. एचटीएमएल पानाच्या लँगमध्ये (भाषेच्या खुणेत) 'एमआर', म्हणजे मराठी, लिहायला विसरू नका. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

विंडोजवर डिजिटल सही नसलेलं ॲप बसवताना स्मार्टस्क्रीनची इशाऱ्याची निळी पाटी येईल. मामांचं एकच दुकान आहे, त्यांना समजावून सांगा आणि पुढे चला.

आणि सुरुवात करण्याआधी दुकानातल्या मशीनवर विंडोज कोणतं आहे ते बघून या. 7 निघालं तर इलेक्ट्रॉन 22 च्या पुढे जाता येत नाही, आणि त्या आवृत्तीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. मग आधी मामांकडून नवं मशीन काढा, कोड नंतर लिहा.