पक्ष्यांविषयी विचाराल तर : फाल्गुनातलं टपाल

फेब्रुवारी संपत आला की या सदराचं टपाल फुगतं. यंदाच्या ढिगातली चार पत्रं घेते. पहिल्या तिघांना वाटतंय की मुंबईत कुणीतरी नवं आलंय. खरं तर नवं कुणीच आलेलं नाही. जे होते त्यांनीच कपडे बदललेत, नाहीतर तोंड उघडलंय.

प्रश्न : गिरगाव चौपाटीला रोज फिरायला जातो. थंडीभर सीगल पांढऱ्या डोक्याचे होते. गेल्या काही दिवसांत गडद डोक्याचे दिसू लागलेत. ही दुसरी जात आली का? (गिरगाव)

तेच आहेत हो. थंडीत या कुरवांचं, म्हणजे तुमच्या सीगलचं, डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळपट डाग. विणीचा हंगाम जवळ आला की डोक्यावरची पिसं झडून गडद येतात. सगळ्यांची एकाच दिवशी येत नाहीत, म्हणून एकाच थव्यात कुणी पूर्ण गडद, कुणी अर्धवट, कुणी कोरा पांढरा. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली तर ते गेल्या हंगामातलं पिल्लू. त्याच्याकडून यंदा पुऱ्या टोपीची अपेक्षा नको.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती मिसळून असतात : तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. डोक्याच्या रंगावर जाऊ नका, कारण काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंही उन्हात चॉकलेटीच दिसतं. पंख बघा. उडताना पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी दिसली तर काळ्या डोक्याचा. पंखाचं टोक ठसठशीत काळं आणि त्यात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा. हा जरा थोराड असतो आणि मोठ्या पक्ष्याचा डोळा फिका असतो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात. एप्रिलपर्यंत बहुतेक मंडळी निघालेली असेल, तेव्हा बघायचं ते आत्ताच. या दोघांत एखादा दांडगा, डोकं कुळकुळीत काळं, पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा-लाल पट्टा, असा दिसला तर तो पल्लासचा कुरव. त्या दिवशी चहा माझ्याकडून.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आम्ही त्यांना रोज गाठ्या घालतो.’ नका घालू. मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं बेसन आणि मीठ कशाला? मांडव्याच्या बोटीवर तर शेवेच्या पुड्या घेऊनच लोक चढतात. फोटो चांगले येतात, मान्य.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दिवसभर टुक-टुक-टुक असा एकसुरी आवाज येतो. वॉचमनला पंप बघायला लावला, पंप ठीक आहे. हा कोणता नवा पक्षी? (माहीम)

तांबट. चिमणीएवढा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. बारा महिने तुमच्याच वड-पिंपळावर असतो, फळं खातो. थंडीत फार बोलत नाही इतकंच. आवाज काढताना चोच मिटलेली असते, गळा फुगतो आणि मान इकडून तिकडे फिरते. म्हणून आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही, आणि पंपावर आळ येतो. सकाळी सर्वांत उंच निष्पर्ण फांदीचं टोक बघा, तिथे ऊन खात बसलेला सापडेल.

यात एक महत्त्वाचं. तांबट वाळलेल्या फांदीत स्वतः भोक कोरून घरटं करतो, आणि सोसायटीच्या कमिटीला पावसाळ्याआधी नेमकी तीच फांदी खुपते. छाटणीला पालिकेची परवानगी लागतेच. अर्ज करायच्या आधी फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाएवढं गोल भोक आहे का ते बघा. असलं आणि फांदी कुणाच्या डोक्यावर नसली, तर पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

प्रश्न : पहाटे चारला कोकीळ ओरडायला लागतो. हा आला कुठून, आणि यावर काही उपाय? (चारकोप)

इथेच होता, गप्प होता. उपाय नाही. ओरडतो तो काळा नर. ठिपक्याठिपक्यांची मादी घाईघाईत ‘किक्-किक्-किक्’ करते. कावळे काड्या आणि गॅलरीतले तारेचे हँगर पळवू लागले की यांचं काम सुरू, कारण अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात. पाऊस नीट लागला की आवाज उतरतो. तोवर खिडकी लावून पंखा मोठा करा.

प्रश्न : मुलांना रोहित (फ्लेमिंगो) दाखवायला शिवडीला नेलं. दुपारी पोहोचलो तर समोर चिखल आणि लांबवर एक गुलाबी रेघ. कधी जायचं? (मुलुंड)

घड्याळाआधी तिथी बघा. कोळ्यांचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो. ओहोटीत चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेने लांब जातात. पाणी चढू लागलं की ते त्यांना काठाकडे ढकलतं. म्हणून भरतीच्या दोनेक तास आधी जेट्टीवर हजर राहायचं. द्वादशीची सकाळ मला सर्वांत सोयीची वाटते : सातला पोहोचा, ऊन चढायच्या आत घरी.

मुलांना राखाडी-मळकट रोहितही दाखवा, ती लहान पिल्लं. गुलाबी रंग शेवाळासारख्या अन्नातून येतो, तो चढायला काही वर्षं जातात. आणि सगळी नजर रोहितांवर घालवू नका. त्यांच्या पायांशी पाणटिवळे आणि चिखल्या हे चिखलात चरणारे पक्षी असतात, मार्चमध्ये त्यांच्या माना आणि छात्या विटकरी होऊ लागतात. दुर्बीण एकच असेल तर मुलांना आधी तिकडे वळवा; रोहित नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

शिवडी जमलंच नाही तर ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून बोट सुटते. ठाणे खाडीचा तो भाग 2015 पासून अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण बोटीची वेळही भरतीवरच ठरते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून जा.