अमेरिकेत कमी खर्चात क्रीमी बीफ नूडल्स घरी कसे करावेत? माझा सॉस दर वेळी फुटतो.

तुम्ही लिहिलंय की ओहायोत शिकायला आलाय, चौघे एकत्र राहता, त्यातला एक जण बीफ खात नाही. खिमा आणि सावर क्रीम घालून दोनदा नूडल्स केले, दोन्ही वेळा सॉस फुटून दाणे दाणे झाले आणि सामानावर पैसेही बरेच गेले. मी मूळची वसईची. ओहायोत अकरा वर्षं झाली. आमच्याकडे हा पदार्थ महिन्यातून दोनदा तरी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फुटण्याचं बघू, कारण ते कळलं की निम्मं काम झालं. तुमच्या घरी कढी होत असेलच. नुसतं ताक चुलीवर उकळलं तर चोथा आणि पाणी वेगळं होतं, म्हणून आई त्यात आधी बेसन कालवते. पीठ दह्यातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून कढी एकजीव राहते. सावर क्रीम म्हणजे आंबवलेली साय. तिचा स्वभावही तोच. तुम्ही ती रटरटत्या खिम्यात सरळ ओतलीत, तेही पिठाशिवाय. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं आणि अख्खी कढई वाया गेल्याचं फार वाईट वाटलं होतं. पुढे शेजारच्या आजींनी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं करून दाखवलं. मैदा खिम्याच्या तुपकटपणात परतायचा, रस दाट करून घ्यायचा, गॅस बंद करायचा, आणि मग सावर क्रीम. तेव्हापासून एकदाही फुटलेलं नाही.

या पदार्थाचं नाव स्ट्रोगानॉफ. मूळचा रशियातला. १८७१ साली येलेना मोलोखोवेत्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकात तो आला, तेव्हा त्यात मांसाचे तुकडे, मोहरी आणि आंबट साय होती. कांदा नाही, मशरूमही नाही. अमेरिकेत येईपर्यंत त्यात मशरूम आले, खाली नूडल्स आले, आणि महागड्या तुकड्यांच्या जागी खिमा आला. १९७१ मध्ये हॅम्बर्गर हेल्पर नावाचं, खिम्यात घालायच्या सुक्या पास्त्याचं आणि सॉसच्या पुडीचं पाकीट देशभर विकायला लागलं. मांस महागलंय आणि एका पाउंडात घरच्या सगळ्यांचं जेवण भागवायचंय, हीच त्यामागची गरज. म्हणजे कमी मांसात निभावणं ही या पदार्थाच्या अमेरिकन रूपाची जुनीच रीत आहे. त्यामुळे खरा स्ट्रोगानॉफ स्टेकचाच होतो असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

मांस आजही स्वस्त नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली होती, १९५१ नंतरची सगळ्यांत कमी. त्यामुळे बीफ लवकर उतरेल या भरवशावर राहू नका. वाचवायचं ते खरेदीत. पाकिटावर ८०/२०, ९३/७ असे आकडे असतात. पहिला मांसाचा, दुसरा चरबीचा. या पदार्थाला ८०/२० घ्या. ९३/७ महाग पडतं आणि वर पुन्हा बटर विकत घ्यावं लागतं, कारण मैदा परतायला चरबी लागतेच. ७३/२७ पाउंडामागे स्वस्त दिसतं, पण त्यातली बरीच चरबी गाळून टाकावी लागते. ८०/२० चा एक पाउंड परतून झाला की साधारण पाऊण पाउंड उरतो, हा हिशेब डोक्यात असू द्या. चार-पाच पाउंडांचं मोठं पाकीट जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. घरी आणल्याबरोबर एकेक पाउंड वेगळ्या पिशवीत भरा, हाताने चपटं थापा आणि फ्रीझरमध्ये टाका. चपटं असलं की फ्रिजमध्ये एका रात्रीत सुटतं, गोळा असेल तर मधला भाग दगडासारखा राहतो. तीन-चार महिने चांगलं टिकतं. शिवाय दुकानात सकाळी गेलात तर तारीख जवळ आलेल्या पाकिटांवर किंमत कमी केल्याचे स्टिकर दिसतात. ती घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच दिवशी शिजवा किंवा गोठवा.

बाकी सामान: एक मोठा कांदा, तीन लसूण पाकळ्या, आठ औंसांचा मशरूमचा डबा, तीन टेबलस्पून मैदा, दोन कप पाणी आणि स्टॉकचा एक क्यूब (मांसाच्या किंवा भाजीच्या रश्शाची सुकी वडी), पाऊण कप सावर क्रीम, चमचाभर मोहरीची पेस्ट, मिरपूड, असेल तर पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड). आणि बारा औंसांचं एग नूडल्सचं पाकीट. हे आपले हाका नूडल्स नव्हेत; रुंद, पिळदार पट्ट्या असतात, पास्त्याच्या रांगेत मिळतात. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचे घ्या, चवीत मला तरी फरक जाणवलेला नाही. नाहीच मिळाले तर कुठलाही आखूड पास्ता चालतो. हेवी क्रीम मात्र आणू नका. मलईदारपणा येतो तो मैदा, नूडल्सचं पाणी आणि शेवटी घातलेल्या पाऊण कप आंबट सायीने. तिथे जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.

आता कृती. जाड बुडाची कढई चांगली तापू द्या. तेल घालू नका. खिमा पसरून टाका आणि चार मिनिटं हात लावू नका. ही चार मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची आहेत आणि घाई इथेच होते. खिम्याला आधी पाणी सुटतं, त्याचा आवाज फसफस असा ओला येतो. ते पाणी आटलं की आवाज बदलतो, कोरडी चरचर ऐकू येते, कडेला चरबी सुटलेली दिसते आणि वास एकदम खमंग होतो. तोवर सारखं ढवळत राहिलात तर खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडतो, करडा पडतो, आणि मग कितीही मसाले घाला, चव येत नाही. चरचर सुरू झाली की उलथून दुसरी बाजू तांबूस करा आणि गोळे मोडा. कुठेही गुलाबी राहू देऊ नका. खिम्याला १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस, एवढी आतली उष्णता लागते. स्टेकसारखं आतून कच्चं ठेवणं इथे धोक्याचं, कारण दळताना वरचे जंतूही आत मिसळलेले असतात.

खिमा झाऱ्याने बाजूला काढा. कढईत दोन टेबलस्पून चरबी ठेवा, उरलेली रिकाम्या डब्यात ओता. सिंकमध्ये अजिबात नको, थंडीत पाइपात गोठून बसते. त्याच कढईत बारीक चिरलेले मशरूम टाका. यांनाही पाणी सुटून आटू द्या. मग कांदा, शेवटी लसूण. कांदा मऊ झाला की मैदा भुरभुरवा आणि दोन मिनिटं परता, नाहीतर कच्चट लागतो. मग क्यूब विरघळवलेलं गरम पाणी थोडं थोडं घाला. पहिल्या अर्ध्या कपाला गुठळ्या होतील, घाबरू नका, ढवळत राहिलं की मोडतात. आणि ढवळताना तळाची खरवड उलथन्याने खरवडून काढा. बुडाला चिकटलेला तो तपकिरी थर म्हणजे या पदार्थाचा मसाला, दुसऱ्या कशातून ती चव येत नाही. खिमा परत घाला, मोहरीची पेस्ट, मिरपूड आणि असेल तर पाप्रिका घाला, मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. मीठ शेवटी चाखूनच, कारण क्यूब खारट असतो. पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली, की रस तयार.

तोपर्यंत दुसऱ्या भांड्यात नूडल्स उकळा, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं कमी. ओतण्याआधी एक कप पाणी बाजूला काढून ठेवा. ते गढूळ, पिठूळ पाणीच पुढे कामाला येतं.

गॅस बंद. कढईतली उकळी पूर्ण थांबू द्या. वाडग्यात सावर क्रीम घ्या, फ्रिजमधून अर्धा तास आधीच बाहेर काढलेलं. त्यात कढईतला गरम रस दोन पळ्या घालून फेटा, मग ते मिश्रण कढईत ओता. थंडगार साय एकदम गरमात गेली की बिचकते, म्हणून ही मधली पायरी. कमी फॅटचं सावर क्रीम लवकर फुटतं, म्हणून पूर्ण फॅटचंच घ्या. मग नूडल्स घाला, बाजूला ठेवलेलं पाणी लागेल तसं शिंपडत हलवा. नूडल्सच्या अंगासरसा रस झाला पाहिजे. भांड्यात घालताना थोडा पातळ वाटला तरी चालेल, ताटात येईपर्यंत नूडल्स तो पितात. यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही.

हात आखडून करायचं असेल तेव्हा मी अर्धाच पाउंड खिमा घेते आणि मशरूमचे दोन डबे, खिम्याएवढेच बारीक चिरून. किंवा अख्खे मसूर शिजवून, पाणी निथळून घालते. भारतीय दुकानात ते स्वस्त मिळतात आणि खिम्यात बेमालूम मिसळतात. शेजारच्या आजी पोलिश घरातल्या. त्या पैशांची ओढाताण असायची त्या दिवसांत अर्धा कोबी लांब चिरून, चांगला तांबूस परतून नूडल्समध्ये घालायच्या. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोच्या या पट्ट्यात कोबी-नूडल्सच्या त्या पदार्थाला हलुश्की म्हणतात. कोबीने ताट भरल्यासारखं दिसतं आणि गोडसर चवही येते. मला तर आता कोबीशिवाय हे नूडल्स अपुरे वाटतात.

तुमच्या बीफ न खाणाऱ्या मित्राबद्दल. त्याचं आधी करा, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने, नंतर तुमचं. मशरूमचा एक डबा थोड्या बटरमध्ये परता आणि पुढची कृती अगदी तीच. क्यूब घेताना मात्र बघा, बीफचा नको, भाजीचा घ्या. पूर्ण शाकाहारी असेल तर एग नूडल्समध्ये अंडं असतं, त्याला साधा पास्ता लावा. काही ब्रँडच्या सावर क्रीममध्ये जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, डब्यामागची यादी वाचून घ्या. वूस्टरशायर सॉस (आंबट-खारट इंग्लिश सॉस) घालत असाल तर त्यात बहुधा अँचोवी मासे असतात. गंमत म्हणजे त्याच बाटलीत चिंचही असते, म्हणून तुमच्या जागी मी असते तर मित्राच्या वाट्यात चिंचेचा कोळ अर्धा चमचा आणि थोडा सोया सॉस घातला असता. चव बरीच जवळ जाते. आमच्या वसईत लग्नात मोठ्याचं मटण, म्हणजे बीफ, असायचं तेव्हाही न खाणाऱ्या पाहुण्यांची चूल वेगळी असायची. खाणाऱ्याचा भरवसा महत्त्वाचा, त्याने विचारायच्या आधीच त्याला सांगा की भांडी वेगळी होती.

मसाल्याचं कोणीतरी विचारेलच. गरम मसाला, हळद, आलं घालू नका असं मी सांगेन. घातलं तर वाईट लागतं असं नाही, पण मग तो नूडल्सवरचा खिमा मसाला होतो, आणि सायीचा मऊ आंबटपणा, मिरी आणि मोहरीची झणक त्याखाली दबून जाते. तिखट हवंच असेल तर ताटात वरून लाल मिरचीचे फ्लेक्स घ्या.

एकदा दुप्पट करून ठेवायचं असेल तर सावर क्रीम घालायच्या आधीच्या टप्प्यावर थांबा आणि तो दाट खिमा गार करून गोठवा. साय घातल्यावर गोठवलं तर सुटताना फाटतं. परीक्षेच्या आठवड्यात असा एक डबा काढायचा, गरम करायचा, गॅस बंद करून साय घालायची, नूडल्स उकळायचे. वीस मिनिटांत चौघांचं जेवण. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी कॉलेजला डब्यात नेणार असाल तर वरून दोन चमचे दूध शिंपडा, मायक्रोवेव्हची पॉवर निम्मी ठेवा आणि मध्ये एकदा थांबवून तळापासून ढवळा.