लोडर गरम झाल्यावर भरलेली बकेट उचलत नाही, हायड्रॉलिक पंप बदलावा का?

तुमचा छोटा स्किड स्टीअर लोडर सकाळी व्यवस्थित चालतो, तासाभरानं भरलेली बकेट अर्ध्यावर अडते, रिकामी बकेट वर जाते, गाडी पुढे-मागे नीट पळते आणि मेकॅनिक पंप बदलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. पंप गेलेला असू शकतो. पण दाब मोजायचं गेज लावल्याशिवाय पंपाला हात लावू नका. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल टाकीकडे सोडणारा), सिलिंडरचे सील किंवा चुकून चालू राहिलेली ऑक्झिलरी लाइन (जादा अवजार जोडायची तेलाची लाइन) यांचीही लक्षणं हुबेहूब अशीच असतात आणि ही कामं पंपापेक्षा कितीतरी स्वस्तात होतात.

बकेट उचलणाऱ्या आर्मचा वेग तेलाच्या प्रवाहावर ठरतो, ताकद दाबावर. समजा ६३ मिमी बोअर (आतला व्यास) आणि ७०० मिमी स्ट्रोकचे (दांडा सरकण्याचं अंतर) दोन लिफ्ट सिलिंडर आहेत. पूर्ण वर जायला त्यांना साधारण ४.४ लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला ६५ लिटर देत असेल तर ४ सेकंदांत आर्म वर जायला हवा. त्यातला एक सिलिंडर २०० बार दाबाला सहा टनांहून जास्त जोर लावतो, १४० बारला मात्र साडेचार टनांच्या आसपासच. म्हणून आधी रिकाम्या बकेटनं पूर्ण थ्रॉटलवर वेळ मोजा, एकदा थंड तेलावर, एकदा गरम. दोन्ही वेळा सारखाच लागला आणि अडचण फक्त भाराला आली, तर दाब कमी पडतोय. गरम झाल्यावर रिकामा आर्मही रेंगाळत असेल तर तेल आतल्या आत गळतंय. ४६ ग्रेडचं तेल ४० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की साधारण चौपट पातळ होतं. थंडपणी जी फट तेल अडवून धरत होती तिच्यातूनच मग ते निसटतं.

तेलाची पातळी आर्म खाली, बकेट सपाट आणि मशीन समतल जागेवर ठेवून बघा. तेलाला फेस असेल तर सक्शन बाजूनं हवा शिरतेय, दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. सक्शनची गाळणी चोंदली असेल तर त्रास सहसा थंड, घट्ट तेलाला जास्त होतो आणि पंप किंचाळतो. तुमचं उलट आहे, त्यामुळे गाळणीवर माझा पहिला संशय नाही. फिल्टर मात्र काढून कापाच. आत पितळी चमक दिसली तर पंपाचे बुश झिजताहेत, चंदेरी पेस्टसारखा गाळ असेल तर पंपाची अ‍ॅल्युमिनियम बॉडी खरवडली जातेय, काळे रबरी तुकडे सील किंवा होजच्या आतल्या अस्तराचे असतात.

ऑक्झिलरीची लाइन लॉक होऊन चालू राहिलेली नाही ना, हेही आत्ताच बघून घ्या. कप्लरला (अवजाराचे होज जोडायच्या तोंडाला) काही जोडलेलं नसताना ती चालू राहिली तर तेल सतत रिलीफवरून जातं, झपाट्यानं तापतं आणि आर्म ढिला पडतो.

आता गेज. ० ते ४०० बारचं, ग्लिसरीन भरलेलं घ्या. व्हॉल्व्हजवळ टेस्ट पोर्ट असेल तर तिथे लावा, नसेल तर बहुतेक मशीनवर ऑक्झिलरीच्या कप्लरवर गेज लावून ती लाइन चालू केली की मुख्य रिलीफचा दाब कळतो. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत तापू द्या, थंड तेलावरचं रीडिंग तुमच्या तक्रारीसाठी निरुपयोगी आहे. टेस्ट पोर्टवर गेज असेल तर पूर्ण थ्रॉटलवर बकेट मागे शेवटपर्यंत वळवून लिव्हर ३-४ सेकंद धरा. त्याहून जास्त वेळ नको, तेल भराभर तापतं. मग आर्म पूर्ण वर नेऊन तसंच करा. छोट्या लोडरचा रिलीफ साधारण १७० ते २४० बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरा.

बकेटला पूर्ण दाब आणि आर्मला कमी, असं दिसलं तर पंप आणि मुख्य रिलीफ ठीक आहेत. दोष आर्मच्या स्पूलमध्ये (लिव्हरनं सरकणारा व्हॉल्व्हमधला दांडा), त्याच्या पोर्ट रिलीफमध्ये (फक्त त्या लाइनपुरता रिलीफ) किंवा सिलिंडरमध्ये आहे. स्पूलची लिंकेज सैल होऊन तो पूर्ण सरकत नसेल, तर तेही इथेच पकडता येतं.

दोन्हीकडे दाब कमी असेल तर इंजिन निम्म्या वेगावर ठेवून दाब वाचा, मग थ्रॉटल हळूहळू पूर्ण करा. दाब आरपीएमबरोबर चढत गेला तर तेल कुठून तरी गळतंय: पंप, सिलिंडर किंवा कचरा अडकून उघडा राहिलेला रिलीफ. निम्म्या वेगालाच दाब एका आकड्यावर थांबला आणि पुढे हललाच नाही, तर रिलीफ वेळेआधी उघडतोय. इंजिनाचा आवाजही ऐका. २०० बारला मिनिटाला ७० लिटर ढकलायला जवळपास २३ किलोवॅट लागतात, त्यामुळे रिलीफवर इंजिन दबायलाच हवं. अजिबात दबलं नाही तर पंपावर पुरेसा भार येतच नाहीये. फारच दबलं, बंद पडायला आलं, तर एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघा.

रिलीफ कार्ट्रिज काढणं सोपं आहे. आत स्प्रिंग तुटलेली आहे का, सीटवर ओरखडा किंवा कण आहे का बघा, धुऊन नव्या ओ-रिंगसह बसवा. सेटिंग बदलायचं झालं तर गेज लावूनच, एका वेळी पाव फेरा. झिजलेल्या पंपाची कसर रिलीफ घट्ट करून भरून निघत नाही, उलट होज फुटायची भीती.

सिलिंडरची चाचणी आर्म पूर्ण खाली स्टॉपरवर टेकलेला असतानाच करा. बकेट जमिनीवर रेटली जाणार नाही अशी ठेवा. इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब काढा, एका सिलिंडरच्या पिस्टनकडच्या टोकाचा होज सोडून त्याला प्लग लावा, पोर्टखाली भांडं ठेवा. मदतनीसाला सीटवर बसवून इंजिन सुरू करून लिव्हर 'खाली'कडे काही सेकंद धरायला सांगा. तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहा. उघड्या पोर्टातून थेंब आले तर चालेल. धार लागली तर पिस्टन सील गेलं. दोन्ही सिलिंडर तपासा. गळती शोधताना दाबाखालच्या होजवरून हात कधीच फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या छिद्रातलं तेल कातडीत घुसतं, वरून जखम क्षुल्लक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

हे सगळं ठीक निघालं तरच पंपाकडे या. ऑक्झिलरी लाइनवर लोड व्हॉल्व्ह असलेला फ्लो मीटर लावून गरम तेलावर विनादाब प्रवाह मोजा, मग दाब रिलीफच्या ८० टक्क्यांपर्यंत वाढवून पुन्हा मोजा. प्रवाह पाचव्या हिश्श्याहून जास्त घसरला तर पंप झिजलाय, बदला. काढताना शाफ्टच्या स्प्लाइन (खाचा) आणि कपलिंग झिजलेत का बघा. नवा बसवण्याआधी टाकी धुवा, फिल्टर आणि सक्शनची ओ-रिंग बदला, पंपात तेल ओतूनच तो जोडा आणि पहिली काही मिनिटं आयडलवर, भार न देता चालवा. पहिल्या ५० तासांनी फिल्टर पुन्हा बदला, कारण जुन्या पंपाचा चुरा होजमध्ये आणि सिलिंडरमध्ये उरलेला असतो.