वाचकांचे प्रश्न : इटालियन शिकण्यासाठी एक सत्र परदेशी

प्रश्न : मी भोकरदन तालुक्यातील असून जालन्याच्या महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकत आहे. पुढे अजिंठ्याला परदेशी पर्यटकांची मार्गदर्शक म्हणून काम करण्याची माझी इच्छा आहे आणि त्यासाठी एक सत्र इटलीत राहून इटालियन शिकावे, असे मनात आहे. आमच्या महाविद्यालयाचा तिकडच्या कोणत्याही विद्यापीठाशी करार नाही. भाषा मोबाइलवरही शिकता येते, मग एवढा खर्च कशासाठी, असे अण्णा विचारतात. घर माळकरी असल्याने आईला जेवणाची काळजी वाटते. मी जावे का?

उत्तर : तुम्ही अवश्य जावे, मात्र येत्या सत्रात नव्हे, तर वर्षभर इथेच भाषेचा पाया पक्का करून मग जावे. अण्णांचा प्रश्न रास्त आहे. क्रियापदांची रूपे आणि रोजचे शब्द पाठ करण्यासाठी परदेशात खोलीचे भाडे भरण्याचे कारण नाही. ते काम घरी, ऑनलाइन वर्गातून उत्तम होते. तिथे जाऊन जे मिळवायचे ते वेगळे आहे. पर्यटक मार्गदर्शकाला पाठ केलेली माहिती सांगून भागत नाही, मध्येच आलेल्या अनपेक्षित प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते, आणि ही सवय चारचौघांच्या बोलण्यात रोज पडल्याशिवाय लागत नाही.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी आयत्या मिळतात. ‘मला पुस्तके आवडतात’ या वाक्यात क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालते. इटालियनमध्येही नेमके तसेच आहे. कर्ता न उच्चारता ‘उद्या येतो’ म्हणण्याची मोकळीक तिथेही आहे. त आणि द हे आपल्यासारखेच दंत्य आहेत. ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू, हा जोडाक्षराचा फरक आपल्या कानाला लगेच कळतो.

परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवणारी पेरुजा आणि सिएना येथील दोन सरकारी विद्यापीठे प्रसिद्ध आहेत. तुमचा हेतू पाहता मी सिएना सुचवेन. तिथल्या नगरभवनात आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भव्य भित्तिचित्रे काढली आहेत. ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची पद्धत इटलीत रुजलेली होती, तर अजिंठ्याची चित्रे कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत, आणि हा फरक समजून घेऊ इच्छिणारा इटालियन पर्यटक तुम्हाला हमखास भेटेल. गिलावा, रंगद्रव्य, खपली, जीर्णोद्धार हे शब्द त्या भिंतीसमोर उभे राहून, तिथल्या जाणकारांच्या तोंडून ऐकून शिकावेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी निजाम सरकारने 1920 नंतरच्या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले होते, ही हकीकत त्यांच्याच भाषेत सांगता आली तर ऐकणारा तुमच्याशी मोकळेपणाने बोलू लागेल. सिएनाच्या बोलीत दोन स्वरांमधला ‘क’ हा ‘ह’सारखा ऐकू येतो, त्यामुळे ‘ला कासा’ म्हणजे घर, हे ‘ला हासा’ असे कानी पडते. कान थोड्याच दिवसांत रुळतो.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. या विद्यापीठांच्या भाषावर्गात शेजारी बसणारे सगळे आपल्यासारखेच परदेशी असतात आणि सुट्टीत आपापसांत सर्रास इंग्रजी बोलतात. म्हणून भारतीय विद्यार्थ्यांबरोबर खोली घेऊ नये. एखाद्या इटालियन कुटुंबात किंवा तिथल्याच विद्यार्थ्यांबरोबर राहावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. माझ्या मते साऱ्या खर्चात हाच खर्च सर्वांत मोलाचा आहे.

करार नसल्याने तुम्हाला स्वतंत्र प्रवेश घ्यावा लागेल. तिकडचे श्रेयांक इकडे धरले जातील का, हे निघण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. तोंडी होकारावर विसंबून राहू नये. इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्यांची सूचनाही त्या वर्षी पाहावी.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचे असल्याने पर्यटक व्हिसा चालणार नाही, दीर्घ मुदतीचा अभ्यास व्हिसा लागेल. महाराष्ट्रासाठी तो मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडून मिळतो आणि त्यासाठी प्रवेशपत्र, निवासाची सोय, विमा आणि पुरेशा पैशाचा पुरावा दाखवावा लागतो. पैशाचा पुरावा सहसा वडिलांच्या बँक खात्याचा असतो. कापूस किंवा मोसंबी विकून आलेली रक्कम एकदम भरली तर तिच्या पावत्या जपून ठेवाव्यात. इटलीत पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांच्या आत टपाल कार्यालयातून निवास परवान्यासाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. तिथे मिळणारी पावती परवाना हाती येईपर्यंत कधीही हरवू देऊ नये.

आईंना सांगावे, की हरभरा, वाटाणा, घेवडा, टोमॅटो, भाज्या, तांदूळ सगळे मिळते आणि बहुतेक घरांत स्वयंपाकघर वापरता येते. दक्षता एवढीच, की पार्मेझान चीज वासराच्या पोटातील द्रव्य वापरून बनवतात, म्हणून माळकरी माणसाने ते टाळावे. पास्त्यावर ते न विचारता किसून घालण्याची पद्धत आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवावे. सिएनाचा पाव बिनमिठाचा असतो, तेव्हा सोबत ठेचा किंवा लोणचे न्यावे.

सिएनाच्या विद्यापीठाची इटालियनची प्रमाणपत्र परीक्षा प्रामुख्याने जून आणि डिसेंबरमध्ये होते. सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राला जाऊन डिसेंबरमध्ये बी-1 म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा देऊनच परत यावे, आणि तिचे शुल्क पहिल्यापासूनच खर्चाच्या अंदाजात धरावे.