दोन दिवसांत नऊ ठिकाणं? आधी तास मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवार-रविवार हाताशी आहे, बरोबर सत्तरीचे आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी, गाडी घरची, चालवणारे तुम्ही एकटे. एक जागा चार तासांवर, तिथल्या नऊ ठिकाणांची यादी तयार. दुसरी दीड तासावर, पण तिथे ‘बघण्यासारखं फारसं नाही’. तर कुठे जावं, आणि चार तासवालं ठरलं तर नऊही ठिकाणं कशी बसवावीत?

दीड तासवालं ठरवा. का ते सांगते, आणि नाहीच पटलं तर लांब जाताना काय सांभाळायचं तेही लिहिते.

शनिवारी सकाळी सहाला निघालात आणि रविवारी रात्री आठला घरात पाऊल टाकलंत, तर मधले तास होतात ३८. झोपेचे आठ काढा, राहिले ३०. चार तासांचा रस्ता म्हातारी माणसं आणि लहान मूल बरोबर असताना चार तासांत होत नाही, थांबे धरून पाच धरा. जाऊन-येऊन दहा. राहिले २०. दोन दिवसांची जेवणं, नाश्ते, आंघोळी, बॅगा उघडणं आणि पुन्हा भरणं यात आठ तास कुठे जातात कळतही नाही. हातात उरले १२. नऊ ठिकाणांना वाटले तर प्रत्येकी एक तास वीस मिनिटं. त्यातच एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं, पार्किंग शोधणं, आईंना सावकाश उतरवणं, मुलीला नेमकी तेव्हाच लागलेली शू, तिकिटाची रांग, आणि परतताना सगळे गाडीत बसले का हे बघणं. प्रत्यक्ष बघायला वीस-पंचवीस मिनिटं मिळाली तर नशीब. हाच हिशेब दीड तासाच्या जागेसाठी मांडला तर १२ ऐवजी १८ तास उरतात. म्हणजे अख्खी एक दुपार आणि संध्याकाळ जास्तीची.

‘बघण्यासारखं फारसं नाही’ हे वाक्य मला नेहमी थोडं संशयास्पद वाटतं. बहुतेक वेळा याचा अर्थ इतकाच असतो की त्या जागेची यादी कुणी केलेली नाही. एखादं तळं, नदीचा काठ, जुनी वास्तू, बागेतून जाणारी पायवाट, यातलं एक असलं तरी दोन दिवसांना पुरतं, फक्त तिथे योग्य वेळेला पोचायला हवं. तीच जागा दुपारी बाराला रखरखीत वाटते आणि उजाडल्यावर तासाभरात वेगळीच दिसते, पक्षीही तेव्हाच भेटतात. मी दिवसाला एकच मुख्य गोष्ट ठरवते आणि एक जास्तीची खिशात ठेवते, वेळ उरला किंवा पाऊस आला तर. बाकीचा दिवस मोकळा. आई-वडिलांना दुपारी पाठ टेकायला मिळाली तर संध्याकाळी तेच ‘चला, फिरून येऊ’ म्हणतात. नाही मिळाली तर रविवारी सकाळपासून घराची आठवण सुरू.

आता नकाशाबद्दल, कारण घोळ इथेच होतो. तुम्ही लिहिलेले चार तास बहुधा आठवड्यात कधीतरी रात्री जेवण झाल्यावर फोनवर बघितले असणार. ॲप तेव्हाच्या रस्त्याची वेळ दाखवतं, आणि रात्री साडेदहाचा रस्ता मोकळा असतो. मार्ग काढल्यावर निघण्याची वेळ निवडायची सोय असते. तिथे शनिवार सकाळ सहा घाला, मग सकाळ आठ घालून बघा. दोन आकड्यांत जो फरक पडेल तो उशिरा उठण्याचा दंड. रविवारच्या परतीसाठी दुपारी बारा, चार आणि सहा असं तीनदा बघा. मोठ्या शहराकडे परतणारा रस्ता असेल तर सहाचा आकडा बघून तुमचा बेत आपोआप बदलेल.

परतीची वेळ मी जाण्याच्या वेळेपेक्षा जास्त विचार करून ठरवते. शरीराच्या घड्याळात झोपेचा जोर दोनदा वाढतो, एकदा मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि एकदा दुपारी साधारण दोन ते चार. भरपेट जेवून दोनला स्टिअरिंगवर बसणं म्हणजे नेमकी वाईट वेळ गाठणं, त्यात तुम्ही एकटेच चालवणारे. रविवारी दहा-अकराला निघा, जेवण वाटेत, हलकं. दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटं थांबायचंच, झोप येत नसली तरी. डोळे जड झाले तर खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्यानं लावून भागत नाही. गाडी सुरक्षित जागी लावा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफीचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे उठता उठता तो सुरू होतो.

शुक्रवारी रात्री ऑफिसातून आल्यावर निघायचं का, असंही विचारलंत. दीड तासासाठी चालेल, आठ-साडेआठपर्यंत निघत असाल आणि जेवण झालेलं असेल तर. चार तासांसाठी अजिबात नको. दिवसभर काम केलेला माणूस मध्यरात्री अनोळखी रस्त्यावर आणि मागे तिघं झोपलेली, हे मला तरी धडकी भरवतं.

मुक्कामाच्या जागेचे फोटो बघून बुकिंग करू नका, फोन करा. फोटोत पलंग दिसतो, जिना दिसत नाही. विचारायचं ते असं: खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, बाथरूममध्ये पायरी किंवा उंबरा आहे का, कमोड आहे ना, गरम पाणी किती ते किती, गाडी दारापर्यंत येते की थोडं चालावं लागतं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मग वडील बॅग धरून चढावर उभे असतात. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान असतं आणि चेक-आउट सकाळी दहा-अकराला. सहाला निघून तुम्ही आठला पोचलात तर खोली मिळणार नाही. आधीच सांगितलं तर बॅगा ठेवायला आणि तोंड धुवायला जागा बहुतेक जण देतात. नाहीतर शनिवारची मुख्य गोष्ट वाटेतच उरका आणि जेवूनच मुक्कामी पोचा, मला हेच बरं वाटतं.

आणि एक. नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हा नुसता अनुभव नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग गाढ झोपेतही जास्त सावध राहतो. एका मुक्कामाच्या सहलीत ती पहिली रात्र हीच एकमेव रात्र. म्हणून रविवारी पहाटे साडेचारला उठून सूर्योदय बघायचा बेत आखू नका. सूर्यास्त बघा, तोही तितकाच देखणा असतो आणि सगळे जागे असतात. घरची उशी आणि मुलीचं नेहमीचं पांघरूण डिकीत टाका, जागा खातात पण कामी येतात.

समुद्र असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे शनिवारी आठला ओहोटी असेल तर रविवारी पावणेनऊच्या पुढे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप आत जातं आणि तितकंच वर येतं, तेव्हा खडकांवर बसून फोटो काढताना भान ठेवा.

डोंगर असेल तर पायवाटेचं अंतर किलोमीटरमध्ये वाचून फसू नका. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब दिला, तो अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हे धडधाकट माणसाचं झालं. तुमच्या मंडळींसाठी दुप्पट धरा. उंचीवर हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, तेव्हा खाली उकडतंय म्हणून स्वेटर घरी राहू देऊ नका. अंधार पडायला किती वेळ आहे हे बघायला हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरा, एक बोट म्हणजे ढोबळमानानं पंधरा मिनिटं. चार बोटंच उरली तर उतरायला लागा.

हवामानाचा अंदाज सोमवारपासून रोज बघून जीव टांगणीला लावायची गरज नाही. गुरुवारी संध्याकाळी एकदा नीट बघा, तोही तासवार. ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ याचा अर्थ दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस पडेल असा नाही. अशी हवा असलेल्या दहा दिवसांपैकी साधारण चार दिवशी त्या जागी पाऊस होतो, इतकंच. सकाळ कोरडी आणि दुपार ओली दिसत असेल तर बेत रद्द करू नका, मुख्य गोष्ट सकाळी घ्या.

मुलीला गाडी लागते असं लिहिलंय. तिला मागच्या सीटवर अशा जागी बसवा की समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल, आणि हातात फोन किंवा चित्रांचं पुस्तक देऊ नका. डोळे स्थिर अक्षरांवर आणि कानाच्या आतला तोल मात्र हलतोय, यानंच मळमळतं. रिकाम्या पोटी किंवा ठासून जेवून निघू नका. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. पिशव्या, ओला रुमाल आणि तिचा एक कपड्यांचा जोड डिकीतल्या बॅगेत नको, पुढच्या सीटखाली ठेवा. आई-वडिलांची औषधंही तिथेच, आणि दोन नाही, तीन दिवसांची.

चार तासवालंच करायचं असेल तर सोमवारची रजा टाका आणि नऊपैकी तीन ठिकाणं निवडा. कुठली ते आई-वडिलांना आणि मुलीला प्रत्येकी एक विचारून ठरवा. यादीतली उरलेली सहा कोणी विचारणारही नाही.