युरोपातली कोणती मॅरेथॉन निवडू? आधी सोळा आठवडे मागे मोजा

तुम्ही लिहिलंय की वय ४१, राहणं पुण्यात, मुंबई मॅरेथॉन सव्वाचार तासांच्या आसपास पूर्ण केली आहे आणि आता युरोपात एक फुल (पूर्ण मॅरेथॉन) पळायची आहे. चार तासांच्या आत यायचंय, पत्नी सोबत येणार, खर्च एवढा मोठा की पुन्हा लवकर जमणार नाही. सगळे बर्लिन सांगतात, पण अथेन्सही मनातून जात नाही. मी पुण्यातच सराव करते आणि या दोन्ही पळले आहे, स्पेनमधली व्हॅलेन्सियाही पळले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शर्यतीचं नाव ठरवण्याआधी कॅलेंडर घ्या आणि शर्यतीच्या रविवारपासून सोळा आठवडे मागे मोजा. युरोपात तुम्ही फक्त काही तास पळणार आहात. खरी मॅरेथॉन त्या सोळा आठवड्यांत, पुण्याच्या रस्त्यांवर, तुमच्या नोकरीच्या आणि घरच्या धबडग्यात होणार आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या युरोपात राहणाऱ्यांनी केलेल्या असतात. त्यांचा उन्हाळा, त्यांचा हिवाळा वेगळा. आपल्याकडे हीच निवड पाऊस, ऑक्टोबर हीट, सणवार आणि मार्च एंड बघून करावी लागते.

बर्लिन सप्टेंबरच्या शेवटी असते. म्हणजे सराव जूनच्या सुरुवातीला सुरू होतो आणि जवळजवळ सगळा पावसाळ्यात होतो. पुण्याचा पावसाळा पळायला चांगला. ऊन नाही, तापमान बरं, विद्यापीठाच्या आवारात आणि पाषाणच्या बाजूला सकाळी प्रसन्न वाटतं. बूट मात्र सतत ओले राहतात, म्हणून दोन जोड लागतात. दमटपणामुळे ठरलेला पेस (दर किलोमीटरचा वेग) जड वाटतो, त्याने घाबरून जाऊ नका. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला याच महिन्यांत जास्त त्रास होतो. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: गणेशोत्सव बहुधा तुमच्या शेवटच्या मोठ्या लाँग रनच्या (आठवड्यातल्या सर्वांत लांब पळण्याच्या) किंवा टेपरच्या (शर्यतीआधी सराव कमी करायच्या) आठवड्यांत येतो, आणि काही वर्षी विसर्जन आणि बर्लिन अगदी एकाच आठवड्यात. तुम्ही ढोल पथकात असाल तर तासन्‌तास ढोल बांधून उभं राहणं आणि ३० किलोमीटरची लाँग रन एकाच आठवड्यात पायांना झेपत नाही. त्या वर्षी पथकाला आधीच सांगून ठेवा.

बर्लिनचं नाव झालंय ते उगाच नाही. २००३मध्ये पॉल टेरगटने तिथे २:०४:५५चा विश्वविक्रम केला. त्यानंतर गेब्रसेलासी, मकाऊ, किपसांग, किमेट्टो आणि किपचोगे या प्रत्येकाने पुरुषांचा विक्रम तिथेच मोडला. किपचोगेने तर दोनदा, २०१८मध्ये २:०१:३९ आणि २०२२मध्ये २:०१:०९. २०२३मध्ये टिगिस्ट असेफाने महिलांचा विक्रम २:११:५३वर आणला, तोही बर्लिनमध्येच. मार्गावरच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत २० मीटरचाही फरक नाही. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ ज्या क्षणी समोर येतो, त्या क्षणी बर्लिनमध्ये तुम्ही कुर्फ्युर्स्टेनडामच्या रुंद रस्त्यावर सपाट धावत असता. शेवटी ब्रांडेनबुर्ग गेटच्या कमानीतून जायचं, आणि पुढे थोड्या अंतरावर फिनिश. १९९०मध्ये जर्मनीच्या एकीकरणाला तीन दिवस उरले असताना ही शर्यत पहिल्यांदा त्या गेटमधून गेली. ते माहीत असलं की तो शेवटचा टप्पा नुसता रस्ता राहत नाही.

तरीही डोळे झाकून बर्लिन म्हणू नका. सप्टेंबरचा शेवट कधी थंड असतो, कधी चांगलाच गरम. २०२५ची शर्यत उकाड्यात झाली. धावपटूंची पहिली लाट सव्वानऊच्या सुमारास सुटते आणि तुमच्या वेळेच्या लोकांची पाळी त्यानंतर येते, म्हणजे गरम दिवस असेल तर शेवटचा तास भर उन्हात. शिवाय गर्दी. चार तासांच्या आसपास पळणाऱ्यांचा घोळका सगळ्यांत दाट असतो. पाण्याच्या टेबलांजवळ पेल्यांचा खच पडलेला असतो, तिथे पाय जपून टाकावा लागतो. आणि प्रवेश लॉटरीने. लॉटरी शर्यत झाल्यावर शरद ऋतूत उघडते. नाव आलं नाही तर सामाजिक संस्थेसाठी निधी उभारून किंवा टूर कंपनीच्या पॅकेजमधून जाता येतं, पण पॅकेज महाग पडतं.

तुमचा हेतू खरोखर चार तासांच्या आत येण्याचा असेल तर मी व्हॅलेन्सियाला बर्लिनच्या वर ठेवते. डिसेंबरचा पहिला रविवार, समुद्रकाठचं शहर, सपाट मार्ग आणि पळायला हवी तशी थंड सकाळ. केल्विन किप्टुम २०२२मध्ये आपली पहिलीच मॅरेथॉन इथे २:०१:५३मध्ये धावला. पुढच्या वर्षी सिसाय लेम्माने ती वेळ २:०१:४८वर आणली. फिनिश कला-विज्ञान नगरीत आहे, तिथे पाण्यावर टाकलेल्या निळ्या पट्टीवरून धावत शेवट करायचा.

पण मला व्हॅलेन्सिया आवडते ती सोळा आठवड्यांसाठी. सुरुवात ऑगस्टच्या मध्यात होते, पावसात पाया घातला जातो. ऑक्टोबर हीटचे काही आठवडे त्रासाचे, तेव्हा पहाटे साडेचारला निघावं लागतं. पण सर्वांत लांब पळण्याचे आठवडे नोव्हेंबरात येतात, आणि पुण्यात नोव्हेंबरची पहाट म्हणजे वर्षातली सर्वांत चांगली पळायची वेळ. ज्या हवेत सराव संपतो जवळपास त्याच हवेत शर्यत, हे आपल्या नशिबी फार कमी वेळा येतं. दिवाळी मध्ये येते, पण लाँग रनच्या आदल्या रात्री फराळाचं तळलेलं टाळलं की निभावतं. भाऊबिजेला सगळे पाहुणे यायच्या आत ३० किलोमीटर उरकून, अंघोळ करून बसायचं, हे आमच्या ग्रुपात आता रुळलंय. त्यानंतर जानेवारीच्या मध्यात मुंबई मॅरेथॉन असते. तिथे त्या वर्षी वेळेसाठी पळू नका, पाय सावरायला सहा आठवडे पुरत नाहीत.

एप्रिलच्या शर्यती, म्हणजे लंडन, पॅरिस, रॉटरडॅम, व्हिएन्ना, यांचं गणित निराळं. सराव डिसेंबरच्या शेवटी सुरू होतो. मुंबई मॅरेथॉन किंवा तिथली हाफ (अर्धी मॅरेथॉन) सरावातली एक लाँग रन म्हणून आरामात पळता येते. जानेवारी-फेब्रुवारी पुण्यात छान. मार्च मात्र दोन बाजूंनी दाबतो: ऊन चढतं, आणि बँकेत, सीए फर्ममध्ये किंवा विक्रीच्या नोकरीत असाल तर ३१ मार्चच्या आधीचे आठवडे तुमचे नसतातच. घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे तीन तास घराबाहेर राहणं कठीण. नागपूर-अकोल्याकडच्या मित्रांना मी एप्रिलची शर्यत सुचवतच नाही.

लंडनबद्दल एवढंच: गर्दीचं प्रेम बघायचं असेल तर ती पळावी. कटी सार्क जहाजाभोवतीचं वळण आणि अर्ध्या अंतराजवळचा टॉवर ब्रिज, दोन्हीकडे कानठळ्या बसतात. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतरही लंडनच्या १९०८च्या ऑलिम्पिकमधून आलेलं आहे. पण बॅलटमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या लॉटरीत, २०२६साठी दहा लाखांहून जास्त अर्ज होते, व्हिसा वेगळा, आणि तुमच्या उद्दिष्टाला ती बर्लिनइतकी सोयीची नाही. पॅरिस सुंदर आहे, शाँझेलिझेवरून सुरुवात होते, पण नदीकाठचे भुयारी रस्ते आणि बुआ द बुलोन्यच्या बाजूचे शेवटचे चढ वेळ खातात. शिवाय भुयारात घड्याळाचं जीपीएस हरवतं. बॉस्टन मॅरेथॉनच्या प्रवेशाला लागणाऱ्या पात्रता-वेळेचा विचार आत्ता करू नका. तुमच्या वयोगटात पुरुषांना ३:०५ लागतात, तो पुढचा प्रवास आहे.

आता अथेन्स. तुमच्या प्रश्नात ते नाव ज्या पद्धतीने आलंय त्यावरून वाटतं की मन तिथेच आहे.

अथेन्सची शर्यत नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असते. पहाटे बसने मॅरेथॉन गावी नेतात आणि तिथून अथेन्सकडे पळत यायचं. सुरुवातीच्या टप्प्यात मार्ग एका मातीच्या ढिगाऱ्याला वळसा घालतो. इसवी सन पूर्व ४९०च्या लढाईत पडलेल्या अथेन्सच्या सैनिकांची ती समाधी. तिथे सगळे आपोआप हळू बोलायला लागतात. वाटेतल्या गावांत म्हाताऱ्या बायका ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन उभ्या असतात. साधारण दहाव्या किलोमीटरनंतर चढ सुरू होतो आणि अधूनमधून उतार देत थेट ३१व्या किलोमीटरपर्यंत चढतच राहतो. खडा नाही, पण संपतही नाही. मग शहरात उतार, आणि शेवटी पानाथेनाइक स्टेडियम, पूर्ण संगमरवरी. १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये स्पिरिडॉन लुईस हा मारूसी गावचा पाणी वाहणारा तरुण २:५८:५०मध्ये तिथे पोहोचला होता. तेव्हाचं अंतर सुमारे ४० किलोमीटर होतं. २००४च्या ऑलिम्पिकची मॅरेथॉनही याच मार्गावर झाली.

इथे चार तासांचा हट्ट धरून जाऊ नका. सपाट मार्गावर तुमची जी वेळ येईल त्यापेक्षा इथे जास्त लागेल, हे धरूनच तिकीट काढा. पूर्ण करायला आठ तास देतात, त्यामुळे धाक नाही. सराव मात्र आपल्याकडे उत्तम होतो. बोपदेव घाट आहे, कात्रजचा जुना घाट आहे, आणि सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ पळलात तर यवतेश्वरच्या चढावर जे शिकाल ते अथेन्समध्ये जसंच्या तसं उपयोगी पडेल. उतारही सरावात ठेवा. शेवटचे दहा किलोमीटर उतरताना मांड्या जातात, फुप्फुसं नाही.

मग तुम्ही काय करावं? दोन हेतू एका शर्यतीत कोंबू नका. खर्च पुन्हा लवकर जमणार नाही म्हणता, म्हणून विचारते: दहा वर्षांनी तुम्हाला घड्याळावरचा ३:५९ आठवायला आवडेल की ते संगमरवरी स्टेडियम? पहिलं असेल तर व्हॅलेन्सिया, आणि ती जमली नाही तर ऑक्टोबरातली अ‍ॅमस्टरडॅम किंवा फ्रँकफर्ट. दोन्ही सपाट, दोन्हीकडे मुंबईहून थेट विमान. अ‍ॅमस्टरडॅमचा शेवट १९२८च्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये होतो, फ्रँकफर्टचा फेस्टहालेच्या छताखाली लाल गालिच्यावर. स्टेडियम असेल तर अथेन्सच. बर्लिन मी अशांना सांगते ज्यांना जगातल्या मोठ्या मेजर शर्यती एकेक करून पुऱ्या करायच्या आहेत. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

आणि चार तासांची तयारी झाली आहे का, ते पुण्यातच तपासा. चार तास म्हणजे किलोमीटरला ५:४१, तेही संपूर्ण अंतर. तुमची मुंबईची वेळ सहा मिनिटांच्या किंचित वर जाते. मुंबईचा दमटपणा आणि चढ गेले की काही फरक आपोआप पडेल, सगळा नाही. थंड सकाळी ३० किलोमीटरच्या लाँग रनमधले शेवटचे १२ किलोमीटर ५:४०ने जमले आणि दुसऱ्या दिवशी चालता आलं, तर वेळेची शर्यत निवडा.

बाकी तयारीचं पटकन सांगते. शेंगेन व्हिसाचा अर्ज शर्यतीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बर्लिनला जाणाऱ्यांना उन्हाळी गर्दीत अपॉइंटमेंट मिळत नाही, डिसेंबरला जाणाऱ्यांना तुलनेने सोपं. इटलीतली शर्यत निवडलीत तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं का आणि नियमात कोणत्या तपासण्या मागितल्यात ते आधी वाचा. आपल्याला पहाटे पाचला पळायची सवय असते, तिथे नऊ-दहा वाजता सुरुवात होते, म्हणून दोन-तीन लाँग रन मुद्दाम उशिरा, नीट नाश्ता करून पळा. थेपले, खजूर, मेतकूट घेऊन जा. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी नको. सुरुवातीला थंडीत तासभर उभं राहावं लागतं, त्यासाठी एक जुना स्वेटर न्या आणि निघताना तिथेच काढून ठेवा, बहुतेक ठिकाणी ते कपडे गोळा करून गरजूंना देतात. रस्त्यावर रंगवलेली रेघ म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग. ती धरून पळा, नाहीतर घड्याळ ४२.७ दाखवेल आणि तुमची जवळपास तीन मिनिटं वळणांवर जातील.

पत्नीला फिनिशपाशी थांबायला सांगू नका, तिथे गर्दीत तुम्ही एकमेकांना दिसणार नाही. बर्लिन, व्हॅलेन्सिया, अ‍ॅमस्टरडॅम या शहरांत मेट्रोने दोन-तीन ठिकाणी गाठता येतं. ३४व्या-३५व्या किलोमीटरची एक जागा आणि रस्त्याची कोणती बाजू ते आदल्या दिवशी दोघांनी मिळून बघून ठेवा. अथेन्सला मात्र त्यांनी सकाळीच स्टेडियममध्ये जाऊन संगमरवरी पायऱ्यांवर जागा धरावी, तिथून शेवटचा टप्पा स्वच्छ दिसतो.