वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी लिफ्टच्या खड्ड्यात शिरलं होतं. उपसल्यावर लगेच लिफ्ट सुरू करावी का? परवान्याचं काय?

नाही, लगेच नको. खड्डा वरून कोरडा दिसला तरी गव्हर्नरची (वेग मर्यादेबाहेर गेला की ओळखणारं यंत्र) दोर ताणून धरणारी खालची पुली, खड्ड्यातून लिफ्ट बंद करायचा पिट स्विच, केबिन फार खाली गेल्यास ती थांबवणारे लिमिट स्विच आणि केबिनचा धक्का झेलणारा बफर तिथेच असतात. पुलीत गाळ अडकला की गव्हर्नरचा दोर नीट फिरत नाही, आणि वेग वाढल्यावर लिफ्ट पकडणारी यंत्रणा त्याच दोरावर चालते. म्हणून सर्वांत आधी ती पुली उघडून साफ करून घ्या. ऑइल बफर असेल तर तेलात पाणी मिसळलंय का पाहा. केबिनखालची वायर भिजली असल्यास मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासा. रीडिंग १ मेगओमखाली असेल तर मेन स्विच बंदच ठेवा. दाराचं लॉक तात्पुरतं 'शॉर्ट' करून (म्हणजे त्याच्या वायरी थेट जोडून) लिफ्ट चालवू देऊ नका, कितीही घाई असली तरी. दार उघडं असताना लिफ्ट हलते, माणसं जातात ती यातच.

गुजरातमध्ये २००० चा लिफ्ट आणि एस्केलेटर कायदा लागू आहे: बसवण्याआधी परवानगी, चालवायला परवाना. तेच सुटे भाग बदलणं ही दुरुस्ती झाली; कंट्रोलर किंवा रचनाच बदलणार असाल तर काम सुरू करण्यापूर्वी लिफ्ट निरीक्षक कार्यालयात विचारा. दुरुस्तीचा सही-शिक्क्याचा अहवाल सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवा.

पुढच्या पावसात पाणी चढायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन बंद करा.